वाटा चालू, वने राखू

प्रस्तावना

तुमच्या घराजवळ एखादी सार्वजनिक बाग आहे का? सकाळी तेथे वयस्कर माणसे फेऱ्या मारतात, दुपारी एखादा फेरीवाला झाडाखाली घटकाभर विसावतो, संध्याकाळी मुले खेळतात. ही बाग कोणाची, असे कुणी विचारले तर बहुतेक जण 'सरकारची' किंवा 'नगरपालिकेची' असे उत्तर देतील. कागदोपत्री ते बरोबरही आहे. परंतु त्या बागेतील नळ गळू लागला, बाकाचा पाय मोडला किंवा एखादे रोप सुकू लागले, तर ते प्रथम कोणाच्या लक्षात येते? रोज तेथे जाणाऱ्याच्या. जो रोज जातो त्याला ती जागा ठाऊक असते आणि ज्याला ती ठाऊक असते तोच ती राखू शकतो.

बागेचा आनंद घेणे आणि बागेची राखण करणे या दोन गोष्टी आपण सहसा वेगळ्या मानतो. त्या एकमेकींशी किती जवळून जोडलेल्या आहेत, हे प्रस्तुत पाठात हरियाणातील फरीदाबाद या शहराच्या उदाहरणावरून आपण समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
- सार्वजनिक बागांच्या देखभालीत शासनाचा आणि नागरिकांचा वाटा कोणता, हे सांगू शकाल;
- अरवलीच्या टेकड्या व शहराचे पाणी यांचा संबंध स्पष्ट करू शकाल;
- 'देवराई' ही कल्पना उदाहरणासह मांडू शकाल;
- आपल्या परिसरात करता येण्याजोग्या स्वयंसेवी कामाची आखणी करू शकाल.

हातांनी उभारलेले शहर

दिल्लीच्या दक्षिणेला लागून फरीदाबाद वसले आहे. त्याच्या पूर्वेस यमुना वाहते आणि पश्चिमेस अरवलीच्या टेकड्या पसरल्या आहेत. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ साली हे गाव वसवले, असे सांगतात. मात्र आजच्या औद्योगिक शहराचा जन्म फाळणीनंतरचा आहे. वायव्य सरहद्द प्रांतातून घरदार सोडून आलेली हजारो कुटुंबे येथे तंबूंत राहत होती. त्यांच्या पुनर्वसनासाठी १९४९ साली डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली फरीदाबाद विकास मंडळ स्थापन झाले. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रेरणेने सहकारी चळवळीतील कार्यकर्तेही या कामात उतरले. नव्या वसाहतीचे बांधकाम सर्वस्वी ठेकेदारांवर न सोपवता, ज्यांना तेथे राहायचे आहे त्यांनीच ते करावे, असा आग्रह धरण्यात आला. व्यापार-उदीम करणाऱ्या माणसांनी हातात कुदळ-फावडे घेतले, घमेली उचलली, विटा रचल्या. कामाची मजुरी मिळाली, राहायला घर मिळाले आणि गमावलेला आत्मविश्वासही परत मिळाला.

आपली वस्ती आपल्या हातांनी उभी करता येते, हा धडा या शहराने जन्मतःच गिरवला होता. पुढे कारखाने वाढले, सेक्टर वसले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १४ लाखांहून अधिक झाली. शहर मोठे झाले की कामांची वाटणी होते. झाडणारा वेगळा, पाणी सोडणारा वेगळा, तक्रार ऐकणारा वेगळा. ही वाटणी आवश्यकच असते. परंतु तिच्याबरोबर 'हे माझे काम नव्हे' ही भावनाही हळूहळू रुजते. ही भावना प्रथम दिसते ती सार्वजनिक बागेत.

सेक्टरातील बाग

फरीदाबादच्या आखीव सेक्टरांमध्ये घरांच्या रांगांमध्ये लहान-मोठ्या बागांसाठी जागा राखलेल्या आहेत. सेक्टर १२ मधील टाउन पार्कसारखे विस्तीर्ण उद्यानही शहरात आहे. या बागांची मालकी महानगरपालिकेकडे किंवा राज्याच्या शहर विकास प्राधिकरणाकडे असते. काही ठिकाणी देखभालीचे काम रहिवासी कल्याण संघटनेकडे सोपवले जाते आणि त्यासाठी बागेच्या क्षेत्रफळाप्रमाणे ठरावीक रक्कम दिली जाते. म्हणजे पैसा सार्वजनिक, पण त्यावर लक्ष रहिवाशांचे, अशी ही रचना आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घेतली पाहिजे. स्वयंसेवक म्हणजे बिनपगारी नोकर नव्हे. जलवाहिनी टाकणे, दिवे लावणे, कुंपण बांधणे, माळ्याला वेळेवर वेतन देणे ही शासनाची कर्तव्ये आहेत. ती नागरिकांच्या उत्साहावर ढकलून चालणार नाही. स्वयंसेवकाचे काम वेगळे आहे. जे कार्यालयाला दुरून दिसत नाही ते पाहणे, जे एका माळ्याला एकट्याने जमत नाही त्याला हातभार लावणे आणि जे मागणे रास्त आहे ते चिकाटीने मागणे, हे ते काम होय.

पालापाचोळ्याचे उदाहरण घेऊ. हिवाळा सरता सरता उत्तर भारतात पानगळ सुरू होते आणि बागांमध्ये पानांचे ढीग साचतात. ते पेटवून देणे ही सर्वांत सोपी, पण सर्वांत घातक रीत आहे. आधीच प्रदूषणाने कोंदलेल्या हवेत त्या धुराची भर पडते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली व लगतच्या परिसरात पाने आणि कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली आणि त्यासाठी ५००० रुपयांचा दंड ठरवला. परंतु दंडाच्या भीतीने ढीग नाहीसा होत नाही. त्याला दुसरी वाट काढून द्यावी लागते.

ती वाट सोपी आहे. बागेच्या कोपऱ्यात, झाडांच्या मुळांपासून दूर, साधारण तीन फूट खोल खड्डा घ्यावा. त्यात वाळलेल्या पानांचा थर, त्यावर कापलेल्या हिरव्या गवताचा थर आणि त्यावर थोडी माती किंवा शेणकाला, असे थर रचत जावे. खड्डा ओलसर राहील इतकेच पाणी शिंपडावे. अधूनमधून पाने वरखाली केली की आत हवा खेळते आणि सूक्ष्मजीव आपले काम करतात. सहा महिने ते वर्षभरात पाने ओळखू येईनाशी होतात आणि मातीचा गंध असलेले काळसर खत हाती येते. बागेतूनच निघालेले अन्न बागेलाच परत मिळते. खड्डा खणणे हे एका सकाळचे काम आहे. तो सांभाळणे हे वर्षाचे काम आहे आणि तेथेच रोज येणाऱ्या माणसाचा उपयोग होतो.

दुसरे उदाहरण झाडांच्या बुंध्यांचे. पायवाट नीटनेटकी दिसावी म्हणून पुष्कळदा फरशी किंवा काँक्रीट थेट खोडाला भिडवले जाते. मुळांना पाणी आणि हवा मिळेनाशी होते, झाड आतून खंगते आणि एखाद्या वादळात उन्मळून पडते. दिल्लीतील अशा झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करावी, असा आदेश हरित लवादाने २०१३ साली दिला होता. आपल्या बागेतील अशी झाडे मोजून त्यांची यादी संबंधित कार्यालयाला देणे, हे शाळकरी मुलांनाही जमणारे काम आहे.

टेकड्या आणि पाणी

बागेच्या कुंपणाबाहेर पश्चिमेकडे पाहिले की अरवली दिसते. ही जगातील अतिप्राचीन पर्वतरांगांपैकी एक आहे. ऊनपावसाने झिजून झिजून फरीदाबादजवळ तिच्या बुटक्या टेकड्या उरल्या आहेत. त्यांचा खडक अत्यंत कठीण आहे. परंतु त्याला असंख्य भेगा आहेत. पावसाचे पाणी या भेगांतून झिरपत खाली उतरते आणि भूजलाचा साठा भरत राहतो. टेकडीवर झुडपे, गवत आणि पाचोळा असेल तर पाण्याचा वेग मंदावतो व झिरपायला अवधी मिळतो. टेकडी उघडी पडली की तेच पाणी माती घेऊन वेगाने वाहून जाते. शहरातील विहीर किंवा विंधनविहीर आणि टेकडीवरचे झुडूप यांचे नाते असे आहे.

हे नाते अनेक वर्षे दुर्लक्षित राहिले. दगड आणि खडीसाठी टेकड्या खोदल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आणि पुढे २००९ साली या भागातील खाणकामावर कठोर निर्बंध घातले. तोवर पुष्कळ ठिकाणी टेकडीच्या जागी खोल खाणी उरल्या होत्या. त्यांतील काहींत निळेशार पाणी साठले आहे. ते दिसायला मोहक असले, तरी कडे सरळ तुटलेले आणि तळ अनिश्चित असल्याने पोहणाऱ्यांसाठी प्राणघातक ठरते.

बडखल तलावाची कथा याच संदर्भात वाचावी. १९४७ च्या सुमारास टेकड्यांमधील पाणी बांध घालून अडवले गेले आणि हा तलाव तयार झाला. कित्येक वर्षे दिल्ली-फरीदाबादची कुटुंबे तेथे सहलीला आणि नौकाविहाराला येत. पुढे खाणींमुळे पाण्याचे प्रवाह तुटले, भूजलाचा उपसा वाढला आणि तलाव कोरडा पडला. अलीकडच्या वर्षांत स्मार्ट सिटी योजनेखाली प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडून तो पुन्हा भरण्याचे काम हाती घेण्यात आले. निसर्ग जे काम विनामूल्य करीत होता, तेच काम आता यंत्रे आणि नळ घालून करावे लागते. एखादी जागा बिघडल्यानंतर दुरुस्त करण्यापेक्षा आधीच राखणे किती स्वस्त असते, हे यावरून ध्यानात येईल.

मांगर बनी : अरवलीतील देवराई

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना 'देवराई' हा शब्द परिचित असेल. देवाच्या नावाने राखलेले रान म्हणजे देवराई. तेथील झाड तोडायचे नाही, फांदी घरी न्यायची नाही, असा संकेत गावे पिढ्यान्‌पिढ्या पाळत आली. सह्याद्रीतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला. या रानांनी किती दुर्मीळ वनस्पती जपल्या आहेत, हे त्यांच्या अभ्यासातून दिसून आले.

फरीदाबाद जिल्ह्यातही अशी एक देवराई आहे. तिचे नाव मांगर बनी. मांगर, बंधवाडी आणि बालियावास ही गावे तिच्या आसपास आहेत. गुदडिया दास बाबा या साधुपुरुषाचे ते रान आहे, अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे. बनीत कुऱ्हाड चालवायची नाही, गुरे चारायची नाहीत, तेथले लाकूड जाळायचे नाही, हा नियम मुख्यतः गुर्जर समाजाच्या या गावांनी निष्ठेने पाळला. सभोवतालच्या टेकड्या उघड्या पडल्या असताना बनीची दरी मात्र हिरवी राहिली.

तेथील प्रमुख वृक्ष म्हणजे धौ. आपल्याकडील धावड्याचा हा भाऊबंद. या झाडाचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. गुरांनी शेंडे खाल्ले की ते मरत नाही, तर खडकालगत चटईसारखे पसरून तग धरते. वर्षानुवर्षे ते असे आडवे राहू शकते. चराई थांबली आणि अभय मिळाले की तेच झुडूप हळूहळू उभे राहते व वृक्ष होते. मांगर बनीत उंच वाढलेले धौ दिसतात याचा अर्थ, त्या जागेला दीर्घकाळ अभय मिळाले आहे. गावाच्या शब्दाला किती किंमत होती, हे तेथे झाडांच्या उंचीवरून कळते.

परंतु श्रद्धेची राखण जमिनीच्या व्यवहारापुढे अपुरी पडू लागली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गावाच्या सामाईक जमिनी खासगी नावांवर गेल्या, विकल्या गेल्या आणि बनीच्या भोवती बांधकामाचे बेत आखले जाऊ लागले. तेव्हा गावकऱ्यांच्या जोडीला पक्षिनिरीक्षक, वनस्पतींचे अभ्यासक आणि शहरातील नागरिक आले. कोणी झाडांची नोंद केली, कोणी पक्षी मोजले, कोणी नकाशे आणि जमिनीची कागदपत्रे तपासली, कोणी अर्ज-विनंत्या केल्या. २०१६ साली हरियाणा शासनाने बनी आणि तिच्या भोवतीचा ५०० मीटरचा पट्टा बांधकामापासून मुक्त राखण्याचा निर्णय केला.

तरीही काम संपले नाही. अरवलीच्या मोठ्या भागाला १९०० सालच्या पंजाब भूसंरक्षण कायद्याचा आधार आहे. २०१९ साली हरियाणा विधानसभेने त्यात बदल करणारे विधेयक संमत केले, तेव्हा फरीदाबाद व गुरुग्रामचे नागरिक रस्त्यावर उतरले. सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलाची अंमलबजावणी रोखली आणि २०२२ साली, या कायद्याच्या विशेष आदेशांखालील जमिनी वन मानल्या जातील, असा निर्णय दिला. २०२१ साली मांगर परिसरात प्राचीन शैलचित्रे असल्याचेही जाहीर झाले. ज्या रानात आज बिबट्या, तरस आणि कोल्हे वावरतात, तेथे माणसाचीही वहिवाट फार जुनी आहे.

डोंगरवाटेवरील काम

टेकडीवरील स्वयंसेवी काम बागेतील कामापेक्षा निराळे असते. तेथे सद्भावनेला ज्ञानाची जोड हवी. 'झाडे लावा' ही घोषणा चांगली आहे. पण कोणते झाड, कोठे आणि कधी, हे न विचारता केलेले वृक्षारोपण हानी करू शकते. याचा दाखला अरवलीतच आहे. इंग्रजी राजवटीत दिल्लीच्या आसपासच्या टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून विलायती कीकर लावण्यात आला. महाराष्ट्रात त्याला आपण वेडी बाभूळ म्हणतो. अमेरिका खंडातून आलेले हे झाड झपाट्याने पसरले आणि त्याच्या दाटीत स्थानिक झाडांची रोपे वाढेनाशी झाली. दुरून टेकडी हिरवी दिसते. मात्र धौ, खैर, पळस, साळई, हिवर यांच्यावर जगणारे कीटक आणि पक्षी तेथे विरळ होतात. हे झाड नुसते तोडले तर बुंध्यातून पुन्हा फुटते, म्हणून ते मुळाच्या गाठीसह काढावे लागते. हे काम वनखात्याच्या परवानगीने आणि जाणकारांच्या देखरेखीखालीच करायचे असते.

असे काम चिकाटीने केले तर काय घडू शकते, याचे उदाहरण शेजारच्या गुरुग्राममध्ये पाहायला मिळते. तेथे खाणींनी ओरबाडलेल्या सुमारे ३९० एकर जमिनीवर २०१० पासून महानगरपालिका आणि 'आय ॲम गुडगाव' ही नागरिकांची संस्था यांनी मिळून अरवली जैवविविधता उद्यान उभे केले. अरवलीतील स्थानिक झाडांचे बी गोळा करणे, रोपवाटिकेत रोपे तयार करणे आणि पावसाळ्यात ती लावणे, या कामात शाळांतील मुलांपासून निवृत्त नागरिकांपर्यंत अनेकांचे हात लागले. संरक्षित वनांच्या बाहेर असूनही जैवविविधता जपणारे क्षेत्र म्हणून २०२२ साली या उद्यानाची निवड झाली. असा मान मिळालेले ते देशातील पहिले स्थळ ठरले.

सर्वांनाच एवढे मोठे काम करता येईल असे नाही. लहान कामेही तितकीच मोलाची असतात. उतारावरील पायवाट पावसाळ्यात ओढ्यासारखी वाहू लागते व खचते. वाटेवर ठरावीक अंतरावर तिरपे दगड बसवले तर पाणी बाजूच्या झुडपांत वळते. लहान घळीत आडवे अनगड दगडी बांध रचले की माती अडते आणि ओल टिकते. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या रोपाला आळे करून त्यावर पाल्याचे आच्छादन घालावे. पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी मिळाले तर पुढे ते आपल्या बळावर उभे राहते. म्हणून लावलेल्या रोपांची संख्या मोजण्यापेक्षा दोन वर्षांनी जगलेली रोपे मोजणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरते. चालणाऱ्यांनीही नवे आडमार्ग पाडू नयेत. जेथे पावले पडतात तेथे गवत उगवत नाही.

आनंदाचा वाटा

एवढे वाचून हे सारे कष्टाचेच काम आहे, असे कदाचित वाटेल. परंतु कष्टातून आनंद वगळला तर कोणतेही स्वयंसेवी काम फार काळ टिकत नाही. संत गाडगेबाबांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. ते एखाद्या गावात गेले की दिवसभर हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री त्याच स्वच्छ केलेल्या जागी कीर्तनात रंगून जात. लोकही त्या जागेवर मग मनापासून बसत. कारण ती त्यांच्या डोळ्यांसमोर, पुष्कळदा त्यांच्याच हातांनी स्वच्छ झालेली असे.

टेकडीवर नियमाने जाणाऱ्याला ऋतूंची एक नवी दिनदर्शिका मिळते. फाल्गुनात पळस पेटतो. भर उन्हाळ्यात बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो. पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग पक्षी हजेरी लावतो आणि त्याची शीळ रानात घुमते. हिवाळ्यात धौची पाने तांबूस होतात, दूरदेशीचे पक्षी पाणथळ जागी उतरतात. दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना होते. त्यात किमान १५ मिनिटे निरीक्षण करून दिसलेले पक्षी नोंदवायचे असतात. ही नोंद म्हणजे खेळही आहे आणि पुरावाही. उद्या त्या जागेवर संकट आले, तर 'येथे काय होते' याचे उत्तर अशाच नोंदींतून मिळते.

पुण्यातील वेताळ टेकडीवर रोज सकाळी शेकडो माणसे फिरायला जातात. टेकडीवरून रस्ता आणि खालून बोगदे नेण्याचे प्रस्ताव आले, तेव्हा २०२३ साली ती वाचवण्यासाठी जे नागरिक एकत्र आले, त्यांत हेच फिरणारे लोक मोठ्या संख्येने होते. त्यांना टेकडीचा नकाशा पाठ करावा लागला नाही. तो त्यांच्या पायांना पाठ होता.

मांगरच्या गावकऱ्यांनी बाबांच्या नावाने रान राखले. आज शहरात राहणाऱ्या आपल्यापाशी तशी श्रद्धा असेलच असे नाही. कायदा आहे, विज्ञान आहे आणि आठवड्यातील एखादी मोकळी सकाळ आहे. या तिन्हींचा मेळ घातला तर घराजवळची लहानशी बागही आपल्या काळातील देवराई होऊ शकेल. त्यासाठी पहिले पाऊल अगदी सोपे आहे. उद्या सकाळी तेथे जावे, नीट पाहावे आणि परवा पुन्हा जावे.

आपण काय शिकलो?

- सार्वजनिक जागा राखणे हे शासनाचे कर्तव्य आहे. स्वयंसेवक त्याची जागा घेत नाही, त्याला जागे ठेवतो व हातभार लावतो.
- टेकडीवरील झाडे-झुडपे शहराचे भूजल राखतात.
- मांगर बनी गावाच्या श्रद्धेने टिकली; पुढे तिला कायद्याची आणि नागरिकांच्या अभ्यासाची जोड मिळाली.
- स्थानिक झाडांची निवड आणि लावलेल्या रोपांची दीर्घकाळ निगा यांतच वृक्षारोपणाचे यश आहे.

स्वाध्याय

१. 'स्वयंसेवक म्हणजे बिनपगारी नोकर नव्हे' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. धौ वृक्षाच्या उंचीवरून मांगर बनीविषयी कोणता निष्कर्ष काढता येतो?
३. बडखल तलाव कोरडा पडण्याची कारणे लिहा.
४. विलायती कीकराच्या उदाहरणावरून वृक्षारोपणाबाबत कोणता बोध घ्यावा?
५. उपक्रम : घराजवळच्या बागेला सलग सात दिवस एकाच वेळी भेट द्या. दिसलेली झाडे, पक्षी, माणसे आणि उणिवा यांची नोंद करा. त्यांतील एक उणीव स्वतः दूर करण्याची आणि एक संबंधित कार्यालयाला कळवण्याची योजना दहा ओळींत लिहा.